टक् आवाजाची साक्ष

मोटारींतील रिले नांवाच्या वस्तूविषयीं कौटुंबिक मासिकांत लिहावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटण्याचा संभव आहे. जेथें लोणच्याच्या मसाल्याचें प्रमाण, मुलांच्या शिक्षणाचे प्रश्न आणि तीर्थयात्रांचीं वर्णनें यावयाचीं, तेथें या इंचभर काळ्या डबीचें काय काम, असें कोणीहि विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, या डबीनें गेल्या वैशाखांत आमच्या घरांतील लहानथोर सर्व मंडळींचें मन तीन आठवडे बिघडवून ठेविलें होतें; आणि जिच्यामुळें घराची शांति ढळते ती वस्तु कौटुंबिक नव्हे, असें कोणास म्हणतां येईल?

आमच्या आत्याबाई चिपळूणास असतात. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ वैशाखांत योजिला होता. वयाच्या एक्याऐशीव्या वर्षाच्या सुमारास माणसाच्या आयुष्यांत हजार पौर्णिमा पुऱ्या होतात, आणि तो योग ज्यांच्या घरांत येतो तें घर भाग्याचें, असें आपल्याकडे मानतात. आमच्या धाकट्या बंधूंवर आत्याबाईंचा फार लोभ होता. ते जाऊन आज सात वर्षें झालीं. त्यांच्या पश्चात् आमची भावजय व त्यांचा मुलगा आमच्याच घरीं आहेत. मुलगा आतां एकोणीस वर्षांचा आहे. आत्याबाईंनीं निरोप धाडला होता : “इतर कोणी मागेंपुढें आला तरी चालेल, पण माझ्या पानाशेजारीं त्या पोराचें पान मांडलें जाईल.”

बरीच मंडळी आदल्या दिवशीं एस्. टी. नें पुढें गेली. त्यांत आमचे काका, ज्यांस घरांत सर्व जण अण्णा म्हणतात, तेहि होते. समारंभाच्या दिवशीं सकाळीं आम्ही, आमचें कुटुंब, भावजय आणि पुतण्या असे चौघे जण आपल्या मोटारीनें निघालों. दुपारीं साडेबाराला औक्षण होतें. पहांटे पांचाला निघावयाचें ठरलें होतें. परंतु एकत्र कुटुंबांतील पांच वाजणें म्हणजे साडेसहा वाजणें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

खंबाटकी घाटाचा चढ अर्धा झाला असेल, तोंच गाडीनें दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागें मालमोटारींची रांग लागली व त्यांचे भोंगे वाजूं लागले. आम्हांस मोटार हांकतां येते, ती कां चालते हें मात्र कळत नाहीं. तरीहि अशा वेळीं पुरुषानें बॉनेट उघडून आंत गंभीरपणें पाहावें असा संकेत असल्यामुळें आम्हीं तसें केलें. आंत दिसले ते दोन नवे चकचकीत हॉर्न. पंधराच दिवसांपूर्वीं पुतण्यानें ते हौसेनें बसविले होते. बस्स! आम्हांस कारण सांपडलें. उन्हानें, भोंग्यांनीं आणि उशिरानें त्रासलेले आम्ही त्याच्यावर घसरलों. “तारांशीं नाहीं तो उद्योग करून ठेवलास,” एवढें म्हणून थांबलों असतों तरी चाललें असतें. परंतु आमच्या तोंडून आणखी एक वाक्य गेलें : “तुझे वडील असते तर त्यांनीं तुला या गाडीला हात लावूं दिला नसता.”

तो एकदांच म्हणाला, “काका, हॉर्नची तार निराळी आहे. तिचा इंजिनाशीं संबंध नाहीं.” मग तो गप्प झाला. आमची भावजय दरीकडे तोंड करून उभी होती. तिनें मागें वळून पाहिलें नाहीं.

पाऊण तासानें गाडी आपोआप सुरू झाली. पाटणाजवळ पुनः बंद पडली. तेथें एक मिस्त्री भेटला. त्यानें किल्ली फिरवावयास सांगून फ्यूजच्या पेटीला कान लावला. आंतून ‘टक्’ असा आवाज आला. “रिले वाजतोय, साहेब. रिलेला कांहीं झालेलं नाहीं. हें वरून वायरिंग कोणी केलंय? तिथंच गोंधळ असणार.” असें म्हणून त्यानें दोन्ही हॉर्नच्या तारा सोडवून टाकल्या. त्यांत व मागील चौकशींत मिळून बराच वेळ गेला होता. नंतर किल्ली फिरवली तों गाडी सुरू! पुढें कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत ती कोठें अडली नाहीं. आतां आणखी पुरावा तो कोणता पाहिजे? आम्हीं आरशांतून मागें पाहिलें. पुतण्यानें डोळे मिटून घेतले होते.

पोंचलों तेव्हां चार वाजून गेले होते. पंगती उठल्या होत्या. आत्याबाईंच्या पाटाशेजारीं एक पान तसेंच झांकून ठेविलेलें होतें, आणि त्या स्वतः अजून जेवल्या नव्हत्या. उशीर कां झाला, हें आम्हीं ओसरीवर सर्वांसमक्ष सांगितलें, आणि आमचा संताप अजून निवळला नसल्यामुळें कोणामुळें झाला हेंहि सांगितलें.

तेथून परत आल्यावर घरांत एक चमत्कारिक शांतता पसरली. पुतण्यानें आपली हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. पूर्वी घरांतील मिक्सर असो वा इस्त्री असो, बिघडली कीं तो आपण होऊन पुढें येई. आतां बोलावल्याशिवाय तो खोलीबाहेर येईना. भावजय नेहमींप्रमाणें सर्व कामें करी, परंतु “भाऊजी, चहा ठेवलाय,” या शब्दांत पूर्वींचें कांहीं तरी उरलें नव्हतें. लवकरच मुलगा अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत परगांवीं जाणार होता, आणि तो असा मुका होऊन जाणार हें आम्हांस दिसत होतें. तरीहि आम्ही मनाशीं म्हणत होतों कीं, चूक त्याची. आम्ही फार तर थोडे अधिक बोललों.

दोन आठवड्यांनीं एके दिवशीं भर दुपारीं आम्ही एकटेच गाडी घेऊन पुण्यांतल्या पुण्यांत बाहेर पडलों असतां, सिंहगड रस्त्यावर गाडीनें तेच दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. हॉर्नच्या तारा पाटणापासून सुटलेल्याच होत्या! त्या उन्हांत आम्हांस एकदम गारठल्यासारखें झालें. ताडावर कावळा बसावयास आणि फळ पडावयास गांठ पडली, तर कावळ्यानें फळ पाडलें असें म्हणूं नये, हा काकतालीय न्याय आम्हीं लहानपणीं शिकलों होतों. हॉर्न बसविले आणि गाडी बंद पडली. तारा सोडल्या आणि गाडी सुरू झाली. दोन्ही वेळां आम्हीं कावळ्यालाच धरलें होतें. आणि या वेळीं तर झाडावर कावळाच नव्हता.

त्याच आठवड्यांत अण्णा चिपळूणाहून आंब्यांची पेटी घेऊन परतले. अण्णांचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं सगळी नोकरी टेलिफोन खात्यांत केली. त्यांतलीं पहिलीं पंचवीस वर्षें जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्यें गेलीं. त्या एक्स्चेंजांत हजारों रिले रात्रंदिवस टक्-टक् करीत असत, आणि त्यांतला एखादा चुकला तर तो आवाजावरून ओळखणारीं माणसें असत, असें ते सांगतात. रिले हा शब्दच मुळीं डाकेचा आहे. दूरच्या प्रवासांत थकलेला घोडा सोडून पुढें ताजा घोडा जुंपीत, त्या ताज्या घोड्यांस तें नांव होतें. १८३५ च्या सुमारास अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानें क्षीण प्रवाहाकडून बलवान् प्रवाहाची उघडझांप करविण्याची युक्ति काढली. पुढें तारायंत्रांत दूरवरून थकून आलेल्या संदेशास वाटेंत ताजी बॅटरी जोडून देण्याचें काम या युक्तीनें केलें, म्हणून तिला हें नांव. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली. परंतु तो डाकेचा घोडा मोटारीच्या पेटींत अजून जुंपलेला आहे.

आम्हीं अण्णांस सर्व हकीगत सांगितली. ते म्हणाले, “आधीं पोराला बोलाव. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समोर साक्ष घ्यावयाची असते.” पुतण्या आला व भिंतीला टेकून उभा राहिला. अण्णांनीं विचारलें, “गाडी बंद पडते त्या वेळीं किल्ली फिरवली असतां मागच्या आसनाखालून पेट्रोलच्या पंपाची घरघर ऐकूं येते का?” आम्हीं कधीं ऐकलीच नव्हती. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग पुतण्या खालीं पाहात म्हणाला, “नव्हती येत. मीं त्या दिवशीं घाटांतच लक्ष दिलें होतें.” पुढें तो कांहीं बोलला नाहीं, आणि बोलावयास आम्हींच जागा ठेवली नव्हती.

दुपारच्या उन्हांत गाडी अंगणांत उभी करून इंजिन चालूं ठेविलें. तासाभरानें तें बंद पडलें. किल्ली फिरवली, टक् आवाज आला, घरघर नाहीं. अण्णांनीं पंपाचा रिले उपटून काढला. तो बोटांस चांगलाच चटका देत होता. मग ते पुतण्यास म्हणाले, “तूं हॉर्नला रिले लावला असशील ना?” त्यानें लावला होता. हॉर्नचा प्रवाह चाकावरच्या नाजूक बटणांतून न नेतां त्यानें निराळा रिले घातला होता, आणि बॅटरीजवळ निराळा फ्यूजहि. अण्णांनीं चष्मा पुसून त्याच्या तारांचे सांधे एकेक पाहिले आणि “या सबंध गाडींत स्वच्छ काम एवढेंच आहे,” असा अभिप्राय दिला. दोन्ही रिलेंवरील आकडे व आकृति सारख्या आहेत, हें ताडून पाहून त्यांनीं हॉर्नचा रिले पंपाच्या जागीं बसविला. गाडी तत्क्षणीं सुरू झाली व दोन तास चालली. जुना रिले पुनः घातला; पाऊण तासांत गाडी बंद. हा असला कीं दोष असतो, हा नसला कीं दोष नसतो : आमच्या नैयायिकांनीं यासच अन्वय-व्यतिरेक म्हटलें आहे. ज्या हॉर्नास आम्हीं आरोपी ठरविलें, त्याच्याच रिलेनें निर्णय दिला.

आमचा एक प्रश्न मात्र राहिलाच. “अण्णा, टक् आवाज तर येत होता, मग हा नादुरुस्त कसा?” अण्णा हंसून म्हणाले, “चल, आतां त्याची उलटतपासणी घेऊं.” ओसरीवर सतरंजी घातली. एक सुटी बारा व्होल्टची बॅटरी, एक मल्टिमीटर, कांहीं तारा व मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ५५ वॉटचा एक बल्ब एवढी सामग्री. घरांतील मुलें सभोंवार बसलीं. भावजयहि पदराला हात पुशीत दारांत येऊन उभी राहिली.

अण्णांनीं डबी उलटी करून पाय दाखविले. चार पाय, त्यांवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे. जर्मन लोकांच्या एका मानकावरून हे आकडे रूढ झाले असून पुष्कळ गाड्यांत तेच आढळतात. ८५ व ८६ यांच्या मध्यें बारीक तारेची गुंडाळी असते. तींतून प्रवाह गेला कीं आंतला लोखंडी गाभा चुंबक बनतो व एका पट्टीस ओढून घेतो. पट्टीच्या टोंकाशीं चांदीच्या मिश्रधातूची टिकली असते. ती समोरच्या टिकलीवर आपटली कीं ३० पासून ८७ पर्यंत वाट जुळते व मोठा प्रवाह वाहूं लागतो. टक् आवाज होतो तो या ओढीचा. कांहीं रिलेंस ८७-ए असा पांचवा पाय असतो. त्याची वाट उलट रिले स्वस्थ असतां जुळलेली असते.

पहिली परीक्षा डोळ्यांची. ३० आंकड्याचा पाय निळसर काळा पडला होता, आणि जवळचें प्लॅस्टिक किंचित् वितळलें होतें. “तापल्याची खूण,” अण्णा म्हणाले. दुसरी परीक्षा गुंडाळीची. ८५ व ८६ यांवर मीटर लावला, तों ८२ ओहम रोध दिसला. बारा व्होल्टच्या रिलेंत तो साधारण पन्नासापासून सव्वाशेंपर्यंत असतो. तार तुटली असती तर मीटरनें अनंत दाखविलें असतें. मुलांनीं भागाकार केला : बारा भागिले ब्याऐशीं, म्हणजे सुमारें ०·१५ अँपिअर. एवढ्याशा प्रवाहाच्या आज्ञेंत तीस अँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो! येथें अण्णांनीं एक सावधगिरी सांगितली : कांहीं रिलेंत गुंडाळीच्या जोडीस डायोड असतो, तशी आकृति अंगावर असेल तर धन-ऋण टोंकें उलटीं जोडूं नयेत, नाहीं तर परीक्षा घेतां घेतांच परीक्षार्थी मरावयाचा.

तिसरी परीक्षा आवाजाची. गुंडाळीस बॅटरी जोडली, टक्! सोडली; पुनः टक्! चौथी परीक्षा टिकल्यांची. रिले ओढलेला असतां ३० व ८७ वर मीटर लावला. मीटरनें जवळ जवळ शून्य रोध दाखविला व आनंदानें शिटी वाजविली. चार साक्षींपैकीं तीन साक्षी रिलेच्या बाजूनें पडल्या. आम्ही म्हणालों, “मग हा निर्दोषच म्हणावयाचा!” अण्णा म्हणाले, “मीटर विचारतांना इतका क्षीण प्रवाह सोडतो कीं, त्याला ‘हो’ म्हणावयास कोणालाहि कांहीं लागत नाहीं. ओझें द्या म्हणजे कळेल.”

त्यांनीं बल्ब मध्यें जोडून ३० ते ८७ या वाटेंतून त्याचा प्रवाह नेला. ५५ वॉटचा बल्ब म्हणजे सुमारें साडेचार अँपिअर. पंपाच्या भाराशीं मिळताजुळता. बल्ब लखलखला. आतां मीटर व्होल्टवर ठेवून ३० व ८७ या दोन पायांवर लावला. वाट खरोखर मोकळी असेल तर तेथें व्होल्ट जवळ जवळ उरूंच नयेत. पुतण्याच्या रिलेवर ०·१ हूनहि कमी दिसले. या रिलेवर प्रथम ०·६ दिसले, पांच मिनिटांनीं १·२, दहा मिनिटांनीं २. बल्ब पिंवळा पडत चालला. दोन व्होल्ट व चार अँपिअर म्हणजे आठ वॉटची उष्णता त्या इंचभर डबींत कोंडत होती; जों जों डबी तापे तों तों वाट अडे, आणि जों जों वाट अडे तों तों डबी तापे. अखेर बल्ब दोन वेळां लुकलुकला व विझला. आणि त्या विझलेल्या स्थितींतहि अण्णांनीं गुंडाळीची तार सोडून पुनः लावली, तों स्पष्ट, खणखणीत आवाज आला : टक्!

कोणी बोललें नाहीं. अण्णांनीं सुरीच्या टोंकानें डबीचें झांकण काढलें. एका टिकलीवर उंचवटा आला होता आणि समोरच्या टिकलीस देवीच्या व्रणासारखा खड्डा पडला होता. वाट जुळतांना व तुटतांना दर वेळीं बारीकशी ठिणगी उडते. प्रवाह नेहमीं एकाच दिशेनें जाणारा, म्हणून एका टिकलीची धातु कणाकणानें दुसरीवर जाऊन बसते. एका मुलानें विचारलें, “पॉलिश-कागदानें घासून चालणार नाहीं का?” अण्णा म्हणाले, “वरचा थर पातळ असतो. घासलेला रिले आज चालेल आणि घाटांत पुनः दगा देईल. नवा दोन-तीनशें रुपयांत मिळतो; तेथें काटकसर नको.” शिवाय त्यांनीं मुलांस बजाविलें कीं, परीक्षा घ्यावयाची ती रिले बाहेर काढून घ्यावी, पेट्रोलचा वास येत असतां ठिणगीचा खेळ करूं नये, आणि हवेच्या उशांच्या तारांत तर मुळींच हात घालूं नये. अलीकडील कांहीं गाड्यांत रिलेच्या जागीं टिकल्या नसलेलीं विद्युत्साधनें असतात. तेथें ही विद्या पुरत नाहीं.

मुलें पांगलीं. आम्ही त्या उघड्या डबीकडे पाहात बसलों. पाटणाचा मिस्त्री खोटें बोलला नव्हता. टक् आवाज खरोखरच येत होता. त्यानें एवढेंच केलें कीं, आज्ञा पोंचली हें ऐकून काम झालें असें मानलें. आणि आम्हीं तेवढीहि परीक्षा न घेतां निकाल दिला. ज्याच्या पाठीमागें बोलावयास बाप नाहीं त्याच्यावर दिला, हें अधिक वाईट. कारण तो दुसऱ्या कोणावर इतक्या सहज देतां आला नसता.

आम्हांस वाटलें, पुतण्यास एकीकडे बोलावून दोन गोड शब्द सांगावे. तसें अण्णांस म्हणालोंहि. ते म्हणाले, “दोष चारचौघांत ठेवलास ना? मग तो चारचौघांतच मागें घे. खोलींत मागितलेली क्षमा ही नुसती टक्.”

त्या रात्रीं पान वाढल्यावर, कोणी घांस घेण्यापूर्वीं, आम्हीं सर्वांसमोर सांगितलें कीं, त्या दिवशींच्या उशिरांत मुलाचा कांहीं एक अपराध नव्हता. त्याचें काम चोख होतें. आणि त्याच्या वडिलांचें नांव घेऊन आम्ही जें बोललों तें अन्यायाचें होतें. पन्नाशी उलटलेल्या माणसास एकोणीस वर्षांच्या मुलापुढें हें म्हणणें किती जड जातें, तें ज्यानें म्हटलें असेल त्यालाच ठाऊक. आमचा आवाज मध्येंच अडला. पुतण्या पानाकडे पाहात म्हणाला, “काका, वरण निवतंय.” नंतर आम्हीं तेथूनच आत्याबाईंस फोन लावला, कारण त्यांच्या ओसरीवरहि आम्ही तेंच बोललों होतों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “मला तें तेव्हांच खरें वाटलें नव्हतें. आतां त्याला घेऊन गणपतींत ये. पान मी पुनः मांडीन.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माळ्यावर खुडबुड ऐकूं आली. पुतण्यानें हत्यारांची पेटी खालीं काढली होती. दुपारपर्यंत नवा रिले बसला, आणि दोन्ही हॉर्नहि पुनः जागेवर आले. त्यांचा आवाज आमच्या मतें अजूनहि जरुरीपेक्षां मोठा आहे. परंतु तें आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. भावजयीनें बाहेर येऊन विचारलें, “भाऊजी, चहा ठेवूं का?” आम्हीं म्हटलें, “ठेवा. दोघांनाहि ठेवा.”

ती उघडी डबी आतां आमच्या लिहावयाच्या मेजावर असते. घरांत कांहीं बिघडलें आणि कोणाचें तरी नांव आमच्या ओठावर आलें, म्हणजे आधीं त्या टिकल्यांकडे नजर जाते. आणि पुष्कळदां तें नांव ओठावरच राहतें.